चौथा बोल्ट वाजला का?

व्हील अलाइनमेंट करून आणली आणि गाडी सरळ चालायला लागली. वाकडा झालो तो मी.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या गॅरेजवाल्या हर्षवर्धनने पुढच्या दोन्ही चाकांचे लोअर आर्म बदलले, वर अलाइनमेंट केली आणि एक रंगीत कागद माझ्या हातात ठेवला. कागदावरचे सगळे आकडे हिरवे होते. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा लोखंडी हात, हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी नऊ वर्षं मी त्या हाताच्या भरवशावर गाडी चालवत होतो आणि आमची साधी तोंडओळखही नव्हती.

तो हिरवा कागद डॅशबोर्डवर ठेवून मी लालबागला परत येत होतो. हिंदमाताच्या चौकात डावं चाक एका उंचवट्यावरून गेलं आणि पायाखालून आवाज आला. कुट्.

दुसरा कुणी असता तर त्याने रेडिओ मोठा केला असता. पण मी विमा कंपनीत अपघातांचे क्लेम तपासतो. गेली बावीस वर्षं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मी फक्त हेच वाचतो की, 'चालकास आदल्या दिवशी खालून आवाज आला होता, परंतु त्याने दुर्लक्ष केले.' आवाज कुट् होता की टक्, हे आमच्या फायलींत कुणी लिहीत नाही. पुढे काय झालं ते मात्र फोटोंसकट असतं.

आणि शनिवारी दुपारी दोनला आम्हाला खेडजवळच्या आमच्या गावी निघायचं होतं. रविवारी सकाळी अकराला तिथल्या नव्या बुद्धविहाराचं उद्घाटन, आणि फीत कापायची होती माझ्या आईच्या हातून. विहाराची पहिली बैठक माझ्या वडिलांनी, रामजी तांब्यांनी, गिरणीतून रजा टाकून घेतली होती. ते सहा वर्षांपूर्वी गेले. आईचं वय शहात्तर. आयुष्यभर प्रत्येक कार्यक्रमात ती मंडपाच्या मागे कांदे चिरत बसली. मंचावर बसायला तिला पहिल्यांदाच बोलावलं होतं. पांढरी साडी आठवडाभर आधी इस्त्री होऊन कपाटात टांगलेली होती आणि भाषणाचा कागद ती उशीखाली ठेवत होती.

शनिवारी सकाळी मी हर्षवर्धनला फोन लावला. "साहेब, कॉम्प्युटरने ग्रीन दिलंय," तो म्हणाला. "नवीन रबर आहे, बसेल दोन दिवसांत. मी आज अलिबागला आलोय लग्नाला. सोमवारी आणा."

"आज दुपारी घाटात जायचंय मला."

"मग तर मस्तच. घाटात बसेल ना रबर," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मी खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीसमोर उकिडवा बसलो. आमच्याकडे माणूस गाडीसमोर उकिडवा बसला की पाच मिनिटांत सल्ला येतो. चौथ्या मजल्यावरच्या विनीतने ऑफिसला जाता जाता सांगितलं की त्याच्याही गाडीत असाच आवाज होता आणि गाडी विकल्यावर तो थांबला. नंतर राजारामकाका आले.

राजाराम गावडे. वय एकोणऐंशी. माझ्या वडिलांबरोबर गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षं त्यांनी टॅक्सींच्या एका गॅरेजात काम केलं. काकांनी बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात टेकून तीनदा दाबलं, कान वाकडा केला आणि मला विचारलं, "आर्मचे बोल्ट आवळताना गाडी खाली होती की वर?"

"वर. जॅकवर होती."

"चाकं लोंबकळत?"

"हो."

"मग बोल्ट सैल करून पुन्हा आवळूक होये. आज."

मी कारण विचारलं, ही माझी चूक झाली. काकांनी माझा उजवा हात धरून खाली लोंबकळता सोडला आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा घट्ट आवळला. "हा खांदा म्हणजे बोल्ट. आत रबरी बुश आसा. चाक लोंबकळत असताना मी आवळला. आता गाडी खाली ठेवली, चाक वर आला," असं म्हणत त्यांनी माझा हात वर रेटला. खांदा त्यांनी सोडला नव्हता. आतून कट् असा स्पष्ट आवाज झाला. "ऐकलास? रबर कायमचा पिळात रवता. मग आवाज करता, मग फाटता. गाडी आपल्या चाकांवर, आपल्या वजनान उभी असतानाच हे बोल्ट आवळायचे. तुका सांगतंय."

मला पटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत पटलं.

एवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरी शैलाताई नियमावली घेऊन आल्या. आवारात वाहनदुरुस्तीला मनाई आहे, कलम सतरा. मी म्हटलं, आम्ही फक्त खाली डोकावतोय. डोकावणं ही दुरुस्ती आहे का, यावर पंचवीस मिनिटं चर्चा झाली. शैलाताई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांचं म्हणणं, हेतू दुरुस्तीचा असेल तर डोकावणंही दुरुस्तीच. शेवटी 'मी दि. अमुक रोजी स्वतःच्या गाडीखाली कोणत्याही दुष्परिणामाविना पाहिले' असं मी दोन प्रतींत लिहून दिलं. एका प्रतीवर त्यांनी 'पाहिले' असा शेरा मारून सही केली. घड्याळात दहा वाजून गेले होते.

आता अडचण नीट समजून घ्या. बोल्टपर्यंत पोचायला माणूस गाडीखाली गेला पाहिजे. त्यासाठी गाडी उचलायला हवी. पण उचलली की चाकं लोंबकळणार. म्हणजे गाडी जमिनीवर आणि माणूस जमिनीखाली, हाच एक मार्ग. त्याला खड्डा लागतो. जुन्या गॅरेजांत असायचा तसा, माणसाच्या खांद्याएवढा खोल. अख्खी मुंबई खड्ड्यांच्या नावाने बोटं मोडते आणि मला कामाचा एक खड्डा मिळेना. सहा गॅरेजांना फोन केले. सगळीकडे लिफ्ट आल्या होत्या आणि खड्डे बुजवले होते.

"एक आसा," काका शेवटी म्हणाले. "वडाळ्याक. आमच्या टॅक्सीवाल्या बाबूरावच्या गॅरेजात."

"मग चला की."

"बाबूराव गेलो. तेची बायको गंगुबाई आसा. चौदा वर्षांत मी त्या दारात पाय ठेवूक नाय." एवढं सांगून ते घरी गेले. मला वाटलं, संपलं. दहा मिनिटांनी ते हातात जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी लांबट घेऊन परत आले. तो त्यांचा टॉर्क पाना होता. ठरवलेल्या जोरापर्यंत बोल्ट आवळला की तो 'कट्' वाजतो, मग हात थांबवायचा.

वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, एव्हाना ठरवून टाकलं होतं की सामान आणि आई यांना घेऊनच वडाळ्याला जायचं आणि तिथूनच परस्पर गावी निघायचं. ती हॉस्पिटलात नर्स आहे. तिच्याशी वाद घालायला माणूस बराच निरोगी लागतो. अकरा वाजता आम्ही चौघं निघालो. मी ताशी वीसच्या वेगाने चाललो होतो आणि मागचे लोक हॉर्नमधून माझ्या घराण्याबद्दल बोलत होते. प्रत्येक उंचवट्यावर कुट्. प्रत्येक कुट्ला काका 'हं' म्हणायचे. आई उद्याची पांढरी साडी आजच नेसून मागे ताठ बसली होती. इस्त्री मोडेल म्हणून तिने पाठ टेकली नव्हती.

गॅरेज म्हणजे आता पत्र्याची एक शेड होती. आत गाड्या नव्हत्या. होत्या त्या मिरच्या. गंगुबाई मसाल्याच्या ऑर्डरी घ्यायच्या, एप्रिल महिना होता, आणि खड्ड्यावर फळ्या टाकून त्यावर त्यांनी लाल मिरची वाळत घातली होती. सत्तरी ओलांडलेल्या गंगुबाई खुर्चीवर बसून देठं काढत होत्या. त्यांनी काकांकडे पाहिलं.

"बाबूराव गेले तेव्हा आला नाहीस," त्या म्हणाल्या.

"नाय इलो," काका म्हणाले.

"आणि आज?"

"चार बोल्ट आसत."

मी पुढे होऊन घाट, आई, फीत, विहार, सगळं एका दमात सांगितलं. गंगुबाई गाडीकडे गेल्या, खिडकीतून आईकडे बघितलं. दोघींनी एकमेकींना नमस्कार केला. "साडीला मिरची लागेल, ताई, उतरू नका," गंगुबाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "मिरची गोळा करा. पायाखाली यायला नको."

मी आणि वैशालीने तीन पोती मिरची गोळा केली, फळ्या काढल्या, गाडी खड्ड्यावर घेतली. काकांचे गुडघे खड्ड्यात उतरण्याच्या लायकीचे नव्हते. राहिलो मी. माझा आणि पान्याचा संबंध आजवर गॅस सिलिंडरपुरता होता. शर्ट काढून, बनियनवर, मोबाइलचा टॉर्च दातात धरून मी उतरलो.

खड्ड्याच्या तळाशी दोन उन्हाळ्यांची मिरचीची पूड साठली होती.

पहिली शिंक आली तेव्हा टॉर्च उडाला. सात शिंका झाल्यावर वैशालीने वरून ओला रुमाल टाकला, तो मी नाकावर बांधला. आता प्रश्न आकड्याचा. काका जोरात म्हणाले, "पान्यार किती लावू? पुस्तकात बघ." गाडीच्या पुस्तकात टायरची हवा होती, काच पुसायचं पाणी कुठे भरायचं ते होतं, बोल्ट नव्हता. वैशालीने कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावून स्पीकरवर टाकला. मराठीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, वगैरे होऊन एक मुलगा आला आणि म्हणाला, "मॅडम, ही माहिती फक्त अधिकृत वर्कशॉपला देता येते."

मी खालून ओरडणार होतो. वैशालीने हाताने गप्प केलं. "ठीक आहे," ती शांतपणे म्हणाली, "मग आम्ही दोनशेवर आवळतो."

"मॅडम, दोनशेवर बोल्टचा आटा जाईल."

"मग साठ."

"साठवर घाटात जाऊ नका, मॅडम."

"बरं, मग एकशे चाळीस."

तो मुलगा आवाज खाली करून म्हणाला, "एकशे दहा. मी सांगितलं नाही." डॉक्टरांकडून औषधाचा डोस वदवून घेण्यात तिची पंचवीस वर्षं गेली आहेत, त्याचा हा फायदा.

काकांनी पाना एकशे दहावर लावून मला दिला. पण आधी ते आवळलेले बोल्ट सैल करायचे. मी गॅरेजातल्या साध्या पान्याला पाइप लावून पहिल्यावर लोंबकळलो. काही होईना. पुन्हा जोर लावला तेव्हा डोक्यावर कडाड् असा आवाज झाला आणि सबंध गाडी बोटभर खाली आली. माझ्या डोळ्यांपुढे माझीच फाइल उघडली. मृताचे नाव, व्यवसाय, घटनेचे ठिकाण मिरचीचा खड्डा.

"बरा झाला," काका वरून म्हणाले. "पीळ सुटलो."

चारही सैल झाल्यावर काकांनी सांगितलं की घाटात जेवढं वजन असेल तेवढं गाडीत हवं. बॅगा होत्याच. वैशाली पुढे बसली, आई मागे होतीच. काकांनी बॉनेट दाबून गाडी चार-पाचदा झुलवली, मग म्हणाले, "आवळ."

पहिला बोल्ट. मी ओढत गेलो, हाताला घाम, नाकात आग, आणि एकदम पाना वाजला. कट्. एवढा समाधानाचा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. दुसरा, कट्. उजवीकडे सरकलो. तिसरा आवळायला घेतला तेव्हा डोक्यावरच्या पत्र्यातून आईचा आवाज आला. बसल्या बसल्या ती वैशालीला भाषण वाचून दाखवत होती. माझ्यासमोर तिने ते कधी वाचलं नव्हतं.

"...रामजी पाळी संपली की रात्री पत्रं लिहायचे. गावातल्या प्रत्येक घराला एक. मला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी पाकिटं चिकटवायची. मला अक्षर त्या पाकिटांवरच्या पत्त्यांनी शिकवलं." मी पाना धरून थांबलो. हे मला माहीत नव्हतं. "आम्ही मुलाला शिकवलं. प्रफुल्ल कचेरीत बसतो. हाताचं काम त्याला येत नाही. त्यात त्याचा दोष नाही, आम्हीच त्याला कधी करू दिलं नाही."

खड्ड्यात मिरचीची पूड अंगाला माखून, डोक्यावर एक टन गाडी घेऊन, मी हे ऐकत होतो. वर जाऊन खुलासा करण्याची सोय नव्हती. मी तिसरा बोल्ट जरा रागानेच ओढला. कट्.

आता चौथा. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मी ओढू लागलो, पाना जड होत गेला, आता वाजणार असं वाटलं, आणि नेमकी त्याच क्षणी शिंक आली. शिंकेत कट् आवाज झाल्यासारखं वाटलं.

"वाजलो काय?" काकांनी विचारलं.

"वाजला बहुतेक."

"बहुतेक घाटात चालणा नाय. सैल कर, पुन्हा आवळ."

"वाजला," खुर्चीवरून गंगुबाई म्हणाल्या. "मी ऐकला. चाळीस वर्षं ह्या शेडमध्ये काढली आहेत मी."

"सैल कर," काका म्हणाले.

गंगुबाई उठून खड्ड्याच्या काठावर आल्या. खालून मला त्यांचे फक्त पाय दिसत होते, आणि पलीकडे काकांचे. "त्या दिवशी पण हेच केलंस तू, राजाराम. ह्यांनी आवळलेला बोल्ट गिऱ्हाइकासमोर उघडलास."

"तो वाजूक नव्हतो."

"ह्यांचा हात थरथरायला लागला होता, ते तुला दिसत नव्हतं का? दोन वर्षं आधीपासून थरथरत होता. गिऱ्हाइक गेल्यावर उघडला असतास तर काय बिघडलं असतं?"

काकांचे पाय हलले नाहीत. ते म्हणाले, "माका दिसला होता. म्हणूनच उघडलो. त्या टॅक्सीत पोरां होती, वहिनी. शाळेची."

माझ्या कपाळावरून घाम मिरचीसकट डोळ्यांत उतरत होता. वरून आईचा आवाज आला, "अहो, तुमचं चालू द्या सावकाश. पण पोरगं खाली आहे. त्या बोल्टाचं तेवढं आधी ठरवा."

ठरवायचं कुणी? दोघंही बरोबर असू शकत नव्हते, आणि ज्याची बाजू मी घेईन त्याच्यासमोर दुसऱ्याचा पुन्हा अपमान होणार होता. मग मला माझ्या फायली आठवल्या. त्यांत कुणाच्या बाजूने काय बोललं गेलं हे कधीच लिहिलेलं नसतं. मी साधा पाना घेतला आणि चौथा बोल्ट उलटा फिरवला.

तो फारसा जोर न लावताच फिरला. वाजला नव्हता.

"कसो होतो?" काकांनी विचारलं. गंगुबाईंचे पाय तिथेच होते.

खोटं बोलायला मला अगदी सोपं गेलं असतं. "सैल होता," मी म्हणालो. मग उजवा हात वर करून बघितला आणि पुढचं आपोआप कळलं. आतून पुन्हा तोच आवाज झाला. "पण गंगुबाईंनी ऐकलं ते खरं आहे. माझा खांदा वाजला. सकाळपासून वाजतोय. काकांनी पार्किंगमध्ये पिळला होता."

मग गंगुबाई म्हणाल्या, "म्हणजे मी बरोबर ऐकलं."

"बरोबर ऐकलस, वहिनी," काका म्हणाले. "कान तुझो तेव्हाही चांगलोच होतो."

मी चौथा बोल्ट पुन्हा आवळला. हळू, श्वास धरून, शिंक आली तर ती गिळायच्या तयारीने. कट्. या वेळी तो सगळ्यांनी ऐकला. आईसुद्धा गाडीतून म्हणाली, "हां, हा वाजला."

वर आलो तेव्हा मी कसा दिसत होतो त्याचा वैशालीने फोटो काढून ठेवला आहे. गंगुबाईंनी बादलीभर पाणी आणि साबण दिला. काकांनी खडूने चारही बोल्टांवर खूण करायला सांगितली, म्हणजे हलले तर दिसतील. त्यासाठी मी परत उतरलो. मी पँट झटकत असताना मागच्या सीटवर आईने वैशालीकडून पेन मागून घेतलं आणि कागदावरची एक ओळ खोडली. कोणती ते मी विचारलं नाही.

"काका, तुम्हाला लालबागला सोडून पुढे जातो," मी म्हणालो.

काकांनी गंगुबाईंकडे पाहिलं. त्या मिरचीचं पोतं सोडत होत्या. "तुम्ही व्हा फुडे," काका म्हणाले. "ह्या पुन्हा पसरूक होया."

दोन वाजून वीस मिनिटांनी आम्ही निघालो. घाटात मी गाडी इतकी जपून चालवली की ट्रकवाल्यांनी मला हात करून पुढे जाऊ दिलं नाही, स्वतःच पुढे गेले. एकही आवाज आला नाही. वळणावळणावर मी कान देत होतो आणि आवाज न येण्याचीच भीती वाटत होती. तीनदा थांबून मी खाली वाकून खुणा बघितल्या. चौथ्यांदा थांबलो तेव्हा वैशाली म्हणाली, आता बोल्टही लाजेल.

रविवारी सकाळी आईने फीत कापली. मंचावर ती आधी खुर्चीच्या कडेवर बसली, मग हळूहळू पाठ टेकली. तिला पाच मिनिटं दिली होती, ती पंचवीस मिनिटं बोलली आणि अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही. पत्रांचं सांगितलं, पाकिटांचं सांगितलं. मंडपाच्या मागे कांदे चिरणाऱ्या बायका सुऱ्या ठेवून पुढे येऊन उभ्या राहिल्या. मी खाली दुसऱ्या रांगेत बसून माझ्या वाक्याची वाट बघत होतो. ते आलं, पण निराळंच होऊन आलं.

"माझा मुलगा प्रफुल्ल कचेरीत बसतो," आई म्हणाली, "आणि गाडीचं काम स्वतः करतो. काल त्याने खड्ड्यात उतरून चार बोल्ट आवळले, म्हणून मी आज इथे आहे. जय भीम."

टाळ्या झाल्या. मला उभं राहून हात जोडावे लागले. खांदा वाजला, पण लाउडस्पीकर चालू होता.

जेवणं आटोपून मी हात पुसत बाहेर आलो तेव्हा विहारासमोरच्या वडाखाली दोन रिक्षा, एक टेम्पो आणि एक ट्रॅक्टर ओळीने उभे होते. पहिल्या रिक्षावाल्याने, माझ्या चुलतभावाच्या मेव्हण्याने, नम्रपणे सांगितलं की पुढच्या चाकातून आवाज येतो, आणि तुम्ही मुंबईहून आलाच आहात. मी नाही म्हणणार होतो. मंडपाच्या दारात आई उभी होती, चार बायकांच्या मधोमध, माझ्याकडे बोट दाखवत.

मी इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून फांदीवर टांगला. वडाच्या मुळाशी जमीन खचून चर पडला होता, त्यावर रिक्षा उभी करून घेतली आणि पाठीवर झोपून खाली सरकलो.

"आवळताना चाक जमिनीवर होतं की लोंबकळत?" मी खालून विचारलं.

बाहेर बऱ्याच लोकांनी एकदम 'हं' केलं.

साडेतीनच्या सुमारास रिक्षाशेजारी वैशालीच्या चपला येऊन थांबल्या. "चारला निघायचंय आपल्याला," ती म्हणाली. "उद्या तुझं ऑफिस आहे."

"हो," मी म्हणालो. "दोन बोल्ट राहिलेत."